अळी बदलली म्हणून

तिवशाच्या बाजूच्या त्या गावात सूर्यभानसारखा बोलणारा माणूस नव्हता. शेती काळी, कसदार, आणि जीभ तिच्याहून कसदार. सोयरीक जुळवायची असो की धुऱ्याचं, म्हणजे शेताच्या बांधाचं, भांडण मिटवायचं असो, लोक त्यालाच बोलवायचे. तो शेतातला एखादा दाखला द्यायचा आणि समोरचा गप्प व्हायचा. त्याची बायको आशाबाई हे सारं कौतुकानं ऐकत आली होती. पण करोनाच्या त्या दुसऱ्या उन्हाळ्यात तेच दाखले ऐकून तिच्या तळपायाची आग मस्तकात जायला लागली.

झालं असं, की विषाणू बदललाय, अमरावतीतला तर भलताच निराळा आहे, अशी टीव्हीवर बोंब उठली. रोज संध्याकाळी चार डोकी भांडायची. जुनी लस या नव्या विषाणूवर चालते की नाही? एक म्हणे चालते, दुसरा म्हणे कमी चालते, तिसरा नुसताच ओरडे. बघणाऱ्याच्या हाती काय लागायचं? भुसा. अशात अकोल्याच्या एका केबलवाल्यानं सूर्यभानला चर्चेला नेऊन बसवलं. डॉक्टर बिचारा समजावून सांगत होता. सूर्यभाननं त्याला मधेच तोडलं.

"बीटी कपाशी आली तवाबी असंच सांगतलं होतं, बोंडअळी मरते मनून. मंग गुलाबी अळी बदलली अन् बोंडं आतून खाऊन गेली. तुमची लस मंजे बीटी. विषाणू बदलला, खेळ खतम. नवी लस येईपर्यंत थांबा."

आता वऱ्हाडात हा दाखला कुणाला पटणार नाही? घरोघरी किडकी बोंडं निघाली होती. तेवढाच तुकडा फोनाफोनी गावोगाव फिरला. डॉक्टरनं त्यावर उत्तर दिलं होतं, की नव्या विषाणूनं लागण होईलही, पण लस घेतलेला माणूस सहसा दवाखान्याच्या खाटेपर्यंत जात नाही. ते कुणी पुढे पाठवलं नाही. खमंग तेवढं लोक उचलतात, कामाचं ताटातच राहतं.

आशाबाईनं नवऱ्याची टवाळी सोसून स्वतः तिवशाला जाऊन लस घेतली. शेंदूरजनाघाटला तिची धाकटी बहीण शकुन राहायची. संत्र्याची बाग, आणि जिवाला दम्याचा जुना त्रास. आशाबाईनं तिला फोनवर परोपरीनं विनवलं, पण शकुन हसून म्हणाली, "बाई, भाऊजी टीव्हीवर मनले ना थांबा मनून. ते का खोटं बोलतीन? नवी लस आली का घेऊ."

नवी लस यायच्या आधी शकुन गेली. अमरावतीच्या दवाखान्यात, तोंडावर मास्क, आणि उशाशी आपलं म्हणायला कुणी नाही. आशाबाईला बहिणीचं तोंडही पाहायला मिळालं नाही.

दहावा आटोपला आणि सूर्यभान अकोल्याला गेला. पेरणी तोंडावर आलेली, त्याचं ठरलेलं वाण तिवशात मिळेना, म्हणून तिथं भर उन्हात रांगेत उभं राहून बियाण्याच्या थैल्या घेऊन आला. आशाबाईनं त्या थैल्या घरात रचून ठेवल्या. शेतीचं काम कुणाच्या मरणासाठी थांबत नाही, हे तिलाही कळत होतं.

शेंदूरजनाघाटला शकुनच्या घरी तेरवीला घरचीच माणसं होती. पंगत उठल्यावर शकुनचा नवरा देवानंद ओट्यावर सूर्यभानजवळ येऊन बसला. साखरेचा आजार, वय साठीला आलेलं, नशिबानं त्याची तपासणी निगेटिव्ह निघाली होती. दुसऱ्या दिवशी गावच्या शाळेत लसीचं शिबिर होतं. त्यानं हळूच विचारलं, "भाऊ, मी घेऊ का?"

उष्ट्या पत्रावळी घेऊन निघालेली आशाबाई दारातच थबकली. आता तरी हा माणूस सरळ बोलेल, असं तिला वाटलं. पण कुठचं काय! सूर्यभाननं घसा साफ केला आणि बीटीपासून सुरुवात केली. शब्दन् शब्द तोच. ज्या बाईनं हे ऐकून जीव गमावला तिच्याच तेरवीला, तिच्याच ओट्यावर बसून! चार माणसं माना डोलवायला लागली. देवानंदही डोलवायला लागला, तेव्हा आशाबाईला वाटलं, आता हाही जाणार.

चारचौघांत तिनं नवऱ्याचं बोलणं कधी तोडलं नव्हतं. तिनं पत्रावळी खाली ठेवल्या.

"अकोल्याहून काय आनलं तुमी?"

"काय मंजे? बियानं."

"कोनतं?"

सूर्यभान घुटमळला. "बीटी."

"तेच ना, फेल झालेलं?" आशाबाईचा आवाज चढला नव्हता. "अळी बदलली त्या सालापासून दरसाल बीटीच लावता. वरतून फवारनीबी करता. एका सालीबी बीटी सोडून गावरानी सरकी नाही टोबली. थोडं किडलं तरी पीक हाती येते, हे पक्कं मालूम हाय तुमाले, मनूनच उन्हात रांगेत उभे रायले. अन् माह्या बहिनीले सांगतलं, थांब."

ओट्यावर आता कुणाची मान हलेना. सूर्यभाननं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. त्याच्याकडं दाखल्यांचा काय तोटा? पण या वेळी त्यानं दाखला सोडूनच दिला.

"अवो, पिकाची गोष्ट येगळी अन् मानसाची येगळी," तो कसाबसा म्हणाला. "ते का सारखं राह्यते?"

"नाही राह्यत," आशाबाई म्हणाली. "हे शकुनले सांगाचं होतं."

तिनं पत्रावळी उचलल्या आणि ती मागच्या अंगणात गेली. थोड्या वेळानं देवानंद तिच्या मागं आला आणि शाळेत किती वाजता जायचं, ते विचारू लागला.