उत्तराची ओळ

"पाणी नकोय त्याला. बघ, तोंड फिरवलं," फेंगजूने पेला बाजूला ठेवला. "ती रजई दे इकडे."

रजईही नको होती. खाटेवर उशीला टेकून बसलेल्या हेंगशानने ती डाव्या हाताने ढकलली आणि त्याच हाताच्या बोटाने कठड्यावर ताल धरून पुन्हा तीच ओळ सुरू केली. घोगरा, लांबत जाणारा सूर. ओळ संपली की तो थांबायचा आणि बायकोच्या तोंडाकडे बघत राहायचा. मग त्याचे डोळे भरून यायचे आणि पुन्हा पहिल्यापासून तेच.

"आजी, आजोबा गाताहेत तर गाऊ द्या की," घरकामाला असलेली तान म्हणाली. ती दूरच्या सिच्वान प्रांतातली, तिला इथली, छांगचौ शहराची जुनी बोली ओ की ठो कळत नसे. "आमच्याकडे लकवा झालेली माणसं नुसती कण्हतात."

"गात नाहीये गं तो. काहीतरी मागतोय. रोज दिवेलागणीला मागतो आणि मला मेलीला कळत नाही."

वसंतात हेंगशानच्या मेंदूत गुठळी झाली आणि त्याची वाचा गेली. 'भात' म्हणता येईना, 'फेंगजू' म्हणता येईना. पण त्याच्या मास्तर असलेल्या आजोबांनी लहानपणी घोकून घेतलेल्या जुन्या कविता मात्र जशाच्या तशा राहिल्या, आणि त्याही आजोबांच्याच बोलीत, त्याच हेलात. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी, बोलणं एका कोपऱ्यात असतं आणि सूर दुसऱ्या. फेंगजूची शाळा चौथीत सुटलेली, जन्म गेला कंगव्यांच्या कारखान्यात, पण तिने महिन्याभरात सगळं जमवून घेतलं. विहिरीची कविता आली की पाणी. पहिल्या हिवाची आली की रजई. पाहुण्याला वेशीपर्यंत पोचवायची आली की धावत जाऊन लघवीचं भांडं. ज्या कवीने ती लिहिली त्याला हे कळलं असतं तर त्याने कपाळावर हात मारला असता. पण घर चाललं होतं.

तिने आयुष्यभर या कवितांची टिंगल केली होती. हेंगशान कालव्यातल्या मालवाहू नावांवर कामाला होता, सकाळी दाढी करताना त्याने सूर लावला की ती म्हणायची, "झालं, रेडा उठला!" पोराला शिकवायला बसला तेव्हा तर तिने पोरालाच उचलून नेलं. "शाळेत सरकारी भाषेत बोलायचंय त्याला. तुझे हेल कशाला त्याच्या डोक्यात?" पोरगा शिकला, शेनझेनला गेला, आणि आता नात लाल पोशाख घालून, हातवारे करून शाळेच्या भाषेत जुन्या कविता म्हणते आणि बक्षिसं मिळवते.

फेंगजूने त्या नातीलाच फोन लावला आणि फोन आजोबांच्या तोंडाशी धरला.

"आजी, मला एक शब्दही नाही कळला," नात म्हणाली. मग फेंगजूने सुटे सुटे ऐकू आलेले शब्द सांगितले, तेव्हा तिने शोधून पाहिलं. "नाव, संध्याकाळ, काळं पाणी... नाही सापडत. फोन म्हणतो, अशी कविताच नाही."

"मग तुझा आजोबा काय खोटं गातोय?" फेंगजू चिडली आणि तिने फोन ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी ती बागेतल्या मंडपात गेली. पूर्वी दर रविवारी तिथे हेंगशान आणि त्याच्यासारखी म्हातारी मंडळी जमायची. एकाने ओळ टाकायची, दुसऱ्याने पुढची म्हणायची. उत्तर देणाऱ्याने आधी तोंड उघडायचं नाही, हा तिथला नियम. आता उरला होता एकटा शुए. शेजारी बायकांचा नाच चालला होता, कर्ण्याने कान फाटत होते, पण शुएला त्याचं काहीच नव्हतं. तो ठार बहिरा झाला होता.

आता आली का पंचाईत! बहिऱ्याला विचारायचं कसं? फेंगजूने इकडेतिकडे पाहिलं, त्याच्यासमोर बसली, त्याचा तळहात ओढून घेतला आणि नवऱ्यासारखाच त्यावर बोटाने ताल धरून, तोंड मोठं उघडत ती ओळ म्हटली. हयातीत पहिल्यांदाच. नाचणाऱ्या दोघीतिघी थांबून बघायला लागल्या.

"पुन्हा म्हण, वहिनी," शुए तिच्या ओठांकडे बघत म्हणाला.

तिने पुन्हा म्हटली. शुएचा चेहरा एकदम हलला.

"ही पुस्तकातली नव्हे. ही हेंगशानची स्वतःची! लग्नाच्या आधी माझ्याकडे घेऊन आला होता, तपासून द्या म्हणून. मी म्हटलं, अरे, उत्तरादाखलच्या ओळी कोणासाठी? तर लाजला लेकाचा. म्हणाला, या मंडपातल्या नाहीत, घरातल्या आहेत." त्याने तिच्याकडे रोखून पाहिलं. "तुला नाही शिकवली?"

फेंगजूला आठवलं. लग्नाला आठवडाही झाला नव्हता. अंधार पडता पडता तो नावेवरून आला होता आणि हातपाय न धुता म्हणाला होता, "मी एक ओळ म्हणतो, तू दुसरी म्हण." ती खो खो हसली होती. "लग्न केलंय का शाळेत नाव घातलंय माझं?" तोही हसला होता. नंतर ती ओळ तिच्या कानावर कधीच पडली नाही. इतकी वर्षं ती त्याने आत ठेवली होती आणि आता बाकीचं सगळं गेल्यावर तेवढी वर आली होती.

"सांगा, दादा," ती त्याच्या हाताला धरून, तोंड मोठं करून म्हणाली. "माझी ओळ सांगा."

शुएने सांगितली. त्याची ओळ होती: *संध्याकाळ झाली, नावेला उशीर, पाणी काळं पडलं.* आणि तिची: *भात झाकलेला आहे, कडी लावलेली नाही, मी बसले आहे.*

एवढंच. पण ते म्हणणं सोपं नव्हतं. कुठे सूर लांबवायचा, कुठे चटकन तोडायचा, सगळं ठरलेलं. फेंगजूचा गळा कारखान्यात यंत्रांवरून ओरडून ओरडून घडलेला. लांबवायच्या जागी तो तुटायचा.

"ठीक आहे की," शुए म्हणाला. "आजच म्हण जाऊन."

"अशी मोडकीतोडकी नको. एकदा हसले होते मी. आता नीटच म्हणणार."

मग ती रोज दुपारी मंडपात जायला लागली. बसमध्ये पुटपुटायची, भाजी निवडताना पुटपुटायची. संध्याकाळी हेंगशान ओळ म्हणून तिच्या तोंडाकडे बघायचा तेव्हा ती ओठ घट्ट मिटून घ्यायची आणि त्याचे डोळे पुसून म्हणायची, "थांब रे म्हाताऱ्या, जरा थांब. येतंय मला." त्याला काय कळत होतं कोण जाणे. पण ती खुशीत होती, नव्या नवरीसारखी. तिने केसही कापून घेतले.

आठवड्याने शुएने तिचे ओठ पाहिले, तळहातावरचा ताल पाहिला आणि मान डोलावली. "आता आलं. जा घरी."

ती घरी आली तेव्हा तान दारातच उभी होती. दुपारी जेवून आजोबा झोपले ते उठल्यावर गप्पच आहेत, म्हणाली. डॉक्टर येऊन गेले. पुन्हा एक गुठळी, छोटीशीच. जिवाला धोका नाही, म्हणाले. पण आता सुराचीही आशा धरू नका.

फेंगजूने तोंड धुतलं, खुर्ची खाटेजवळ ओढली आणि बसली. कशीबशी म्हटली असती काल, परवा, तरी त्याला चाललं असतं. त्याला कुठे बक्षीस द्यायचं होतं? हे तिला आता कळलं आणि ती तोंडात पदर कोंबावा तशी बाही कोंबून रडली.

खिडकीबाहेर दिवेलागण झाली. हेंगशान जागा होता. त्याचं बोट कठड्यावर नुसतं पडलेलं होतं.

"आजी, तुम्हीच म्हणा की," तान हळूच म्हणाली. "ऐकू तर येत असेल त्यांना."

"तसं नसतं, पोरी. माझं उत्तर आहे. आधी त्याने म्हणायचं."

तान दिव्याच्या बटणाकडे वळली तशी फेंगजूने हात वर करून तिला थांबवलं. दिवा लागला म्हणजे संध्याकाळ संपली. खोलीत काळोख भरून आला, खाटेवरचा चेहरा दिसेनासा झाला, तरी ती ताठ बसून राहिली.