आवाज अडखळला तर

साप्ताहिकाच्या कचेरीत एक रीत होती. झोडपणारं परीक्षण छापण्याआधी लिहिणाऱ्याने ते सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायचं. आवाज अडखळला, की ते वाक्य कापायचं. घशाला जे पेलत नाही ते कागदावर कशाला लादा, असं संपादकांचं म्हणणं. सगळे त्यांना काका म्हणत.

आज पाळी धाकटीची. पुस्तक इटलीच्या त्या कादंबरीकाराचं, ज्याला सध्या जो तो डोक्यावर घेऊन नाचत होता.

भाषांतर तिच्या ताईचं.

आणि ताई समोरच. पर्स मांडीवर घट्ट धरून. बोलावलं कुणी? कुणीच नाही. ती एके काळी इथेच कामाला होती, रीत तिला पाठ होती. काल फोनवर तिने एवढंच विचारलं होतं, की सगळं जग खुळं आणि तू एकटी शहाणी का. आणि फोन ठेवला होता.

धाकटी घोटभर पाणी प्याली.

— या कादंबरीत गरिबी इतकी देखणी आहे, की तिचा हेवा वाटावा.

आवाज खणखणीत. काकांची पेन्सिल कानामागेच.

— आई मरते तेव्हा तिच्या हातांवर ऊन पडतं. इतकी पानं अंथरुणाला खिळलेल्या या आईची कूस कोण बदलत होतं, हे लेखकाला ठाऊक नाही. त्याला ऊन ठाऊक आहे.

ताईने मान खाली घातली. त्या दोघींनी आईची कूस बदलली होती, वर्षभर. ताई डोक्याकडून, धाकटी पायांकडून.

— रडू येतं, हे खरं. पण बघावं तर लेखक आपल्याआधीच रडून मोकळा.

जाहिरातवाला फिस्सकन हसला, ताईकडे बघून गप्प झाला.

एकच वाक्य उरलं. धाकटीला वाटलं, सुटले.

— पुस्तकात जे काही जिवंत आहे, ते भाषांतर करणारीच्या

करणारीच्या

आवाज अडखळला. तिने पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तिथेच.

काकांनी पेन्सिल काढली, पण ती कागदाला टेकेना. कौतुकावर आजवर कुणी अडखळलं नव्हतं. रीत झोडपण्यापुरती आहे, हे राहू दे, असं काहीसं ते पुटपुटले.

"काका, माझी वाक्यं कापताना तुम्हाला कधी दया आली नाही." ताईने त्यांच्या हातातून पेन्सिल घेतली. मग धाकटीला म्हणाली, "मला बरं वाटावं म्हणून लिहिलंस ना हे?"

"नाही."

"मग घशाला काय झालं?"

धाकटीने कागद तिच्यापुढे सरकवला.

ताईने वाक्य कापलं. एका रेघेत. पेन्सिल वर सरकली, उन्हाच्या ओळीपाशी थांबली. सगळे बघत राहिले. ती ओळ तिने कापली नाही.

"त्याची पुढची कादंबरीही मीच करतेय," ती म्हणाली.

"कर."

"तू झोडपशील."

"हो."

ताईने पर्स खांद्याला लावली, खुर्ची होती तशी भिंतीला सरकवली.

"मग ही खुर्ची इथेच राहू दे."