आंबटपणा काढल्यावर

आईनं आपल्या लेकराचं कौतुक करावं हे समजण्यासारखं आहे, पण जिवाणूंचं? आमच्या संशोधक बाई मात्र करत. दुधातून निवडलेले, वाढवलेले, जपलेले ते जिवाणू म्हणजे त्यांचा जीव की प्राण. "माझी गुणी बाळं," असं त्या चारचौघांत म्हणत आणि प्रयोगशाळेतले लोक माना खाली घालून हसत.

आता तर बाळांनी नावच काढलं होतं. ती ज्या पाण्यात वाढली, ते पाणी गाळून बाईंनी विषाणूत मिसळलं आणि बशीतल्या पेशींच्या थरावर ओतलं. एरवी विषाणू त्या थराची चाळण करून टाकतो. इथे एक भोक नाही! प्रकल्प चालवायचा की गुंडाळायचा, हे सोमवारच्या बैठकीत ठरणार होतं. बाईंनी तक्ता रंगवूनसुद्धा टाकला: 'विषाणूचा संपूर्ण नाश'.

प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांनी तो वाचून चष्मा वर सरकवला.

"हे पाणी आंबट असेल ना गं?"

"हो सर. आंबवणारेच जिवाणू ते."

"मग लिंबू पिळूनही हा विषाणू मेला असता. लिंबाला कुठे पीएचडी देतो आपण?"

बाईंचा चेहरा खर्रकन उतरला. एवढी साधी तुलना करायची राहिली होती. लाडाकोडात माणसाला दिसेनासं होतं, दुसरं काय.

प्रयोग पुन्हा मांडला. एका बशीत नुसतं आम्ल घातलेला विषाणू, दुसरीत बाळांचं आंबटपणा काढलेलं पाणी घातलेला विषाणू, तिसरीत एकटा विषाणू. सरांनी बशांवरची नावं झाकली. "आईनं लेकराचे पेपर तपासायचे नसतात," म्हणाले. बाईंनी जीव मुठीत धरून भोकं मोजली. एक बशी कोरी, एकीची चाळण, आणि एकीत साधारण निम्मी.

सरांनी नावांवरच्या चिठ्ठ्या काढल्या. कोरी बशी आम्लाची होती. निम्मी भोकं बाळांच्या वाट्याची.

"निम्मीच," बाई पुटपुटल्या. "सोमवारी काय तोंड दाखवू?"

सर अजून बशीकडेच बघत होते. "आम्ल काढलं तरी निम्मा विषाणू अडलाय. म्हणजे त्या पाण्यात आणखी काहीतरी आहे, आणि ते काय हे आपल्याला माहीत नाही. सोमवारी हेच सांग. मी शेजारी बसेन."

सर थट्टेवाचून एवढं कधी बोलले नव्हते. बाईंचे डोळे भरून आले.

"अगं, बशीत नको," सर घाईनं म्हणाले. "डोळ्यांतलं पाणीही जंतू मारतं. त्याचंही श्रेय तुझी बाळं घेतील."

बाईंनी आधी बशी लांब सरकवली आणि मग निवांत रडून घेतलं.