अकरा सेकंदांचा फोटो

लिनेट हार्टबर्नचा फोटो गावभर लागला आणि तिची झोप उडाली.

फोटो होताच तसा. गळ्यात पदक, हात वर, आणि लिनेट चक्क दोन पायांवर उभी. मासे-चिप्सच्या दुकानात, खाटकाच्या काचेवर, चर्चच्या दारात, जिथे बघावं तिथे तीच. खाली ठळक अक्षरांत, ‘आपल्या लिनेटला मत द्या!’ देशातल्या महिला खेळाडूंचा एवढा मोठा पुरस्कार, निवड लोकांच्या मतांवर, आणि शेवटच्या सहाजणींत ॲम्बलसारख्या एवढ्याशा बंदरगावातली, चाकांच्या खुर्चीत बसून गोळा फेकणारी पोर! गाव खुळावलं नसतं तरच नवल.

लिनेटला मात्र त्या फोटोची धडकी भरली होती. त्या दिवशी ती उभी राहिली होती ती अकरा सेकंद. बापाने मोजले होते. बाराव्याला ती कोसळली आणि दोन दिवस अंथरुणातून उठली नाही. पण फोटोत बारावा सेकंद कुठून दिसणार?

त्यातच सरकारी कचेरीचं तपकिरी पाकीट आलं. मंगळवारी घरी येऊन तपासणी. बाईसाहेबांचं अपंगत्व अजून पुरेसं आहे की नाही, ते म्हणे बघायचं होतं. पुरेसं नसलं तर सरकारने दिलेली गाडी परत. खुर्चीसकट आत चढता येणारी, नुसत्या हातांनी चालवायची ती गाडी गेली, की चाळीस मैलांवरचं मैदान गेलं आणि वाचनालयातली नोकरीही गेली. खेळाच्या क्लबातल्या डेरेकची गाडी अशीच गेली होती. बहिणीच्या लग्नात दोघांनी त्याला काखेत धरून नाचवलं आणि तो व्हिडिओ नेमका कचेरीत पोचला. त्यानंतर डेरेक मैदानावर दिसलाच नाही.

"मावशी, ते कागद काढून टाक ना," लिनेट शेजारच्या बेरिलला म्हणाली.

बेरिल बावीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेली. पुरस्कारासाठी नाव तिनेच पाठवलं होतं आणि सोबतचा मजकूरही तिचाच. ‘हिला अपंग म्हणू नका. तुम्हाला जमतं ते सगळं हिला जमतं. बंदराचा चढ ही एका दमात चालत चढते.’

"काढू? बये, तीनशे छापलेत! एवढी कसली लाजतेस?"

"मी तो चढ कधी गं चढले? तू खुर्ची ढकलतेस."

"मग? थोडं तिखटमीठ लावावंच लागतं. रडक्या माणसाला कुणी मत देतं होय?"

अकरा वर्षं न चुकता लिनेटचा कचऱ्याचा डबा बाहेर ठेवणारी बाई ही. तिच्यावर धड रागावताही येईना.

डेरेकने फोनवर बजावलं, "ती बाई दारातच विचारेल, कशा आहात. चुकूनही ‘बरी आहे’ म्हणू नकोस. लिहून घेतात." तीन दिवस लिनेट आरशासमोर घोकत होती, ‘बरी नाही. पाय फार दुखतात. बरी नाही.’

मंगळवारी दहाला बेल वाजली. दारात गळ्यात ओळखपत्र घातलेली, मऊ आवाजाची मिसेस क्रॅडक.

"कशा आहात?"

"अगदी मजेत! तुम्ही?"

जीभ घात करून बसली. या देशात माणूस शेवटच्या घटका मोजत असला तरी हेच म्हणतो. मिसेस क्रॅडकने वहीत काहीतरी टिपलं.

मग प्रश्न सुरू झाले. मोजे घालायला किती वेळ लागतो? आंघोळीला कोण मदत करतं? सोबतीला म्हणून बेरिल चहाची किटली घेऊन बसली होती. मधेच मिसेस क्रॅडकने पेन खाली ठेवलं.

"खरं सांगू? मी तुम्हालाच मत दिलंय. माझ्या लेकीनेही. ते चढाचं वाचून तर डोळ्यांत पाणीच आलं हो." ती गोड हसली. "एका दमात चढता ना?"

लिनेटने बेरिलकडे पाहिलं. बेरिलचा किटलीचा हात मधेच थांबला होता आणि चेहरा पांढराफटक पडला होता. आपण काय करून ठेवलं ते तिला आत्ता उमगलं होतं.

"खोटं आहे ते," बेरिल म्हणाली. "मी लिहिलं. हिला कुणी बिचारी म्हणू नये म्हणून लिहिलं."

"आणि फोटो?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. "फोटो निघाला आणि मी पडले," लिनेट म्हणाली. "कपड्यांतच लघवी झाली मला. सगळ्यांसमोर. बाबांनी उचलून नेलं. दोन दिवस कूस बदलायलाही आई लागत होती." हे तिने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, बेरिललाही नाही. लाजेने तिचे कान तापले.

मिसेस क्रॅडकने सगळं शांतपणे लिहून घेतलं. "दोन-तीन आठवड्यांत पत्र येईल." दारात ती वळली. "रविवारी पुरस्कार जिंकलात तर उभ्या राहाल ना? आम्ही टीव्हीवर बघणार आहोत."

हे मत देणारीने विचारलं की तपासणारीने, ते काही लिनेटला कळलं नाही.

रविवारी दुपारी, जेवणं आटोपल्यावर, भल्यामोठ्या सभागृहात तिचंच नाव पुकारलं गेलं. पत्र अजून आलं नव्हतं. सगळं सभागृह उठून टाळ्या वाजवू लागलं. पहिल्या रांगेत बेरिल टाळ्या पिटत होती आणि रडतही होती. मंचावर पुरस्कार देणारी बाई लिनेटपाशी वाकली आणि तिने हात पुढे केला.

"उठायचंय? मी धरते."

आज पायांत जोर होता. लिनेटला तो जाणवत होता. अकरा सेकंद सहज, कदाचित बाराही. आणि उभं राहावंसं फार वाटत होतं. तेवढ्यात समोरच्या कॅमेऱ्याचा लाल दिवा लागला.

तिने खुर्चीची चाकं घट्ट धरली.

"नको," ती म्हणाली. "बसूनच घेते."

किती नम्र पोरगी, म्हणून लोकांनी आणखीच टाळ्या वाजवल्या. उभ्या सभागृहात एकटी बेरिल तेवढी मटकन खाली बसली.