सध्यापुरता 'हो'

मित्रांनो, मी एक जुना बूलियन आहे. नाव ऐकून दचकू नका. कॉम्प्युटरवरच्या प्रत्येक खेळात माझ्यासारखे ढिगाने असतात. आमच्या पोटात एकच उत्तर मावतं, 'हो' किंवा 'नाही'. 'बघू', 'जवळपास', 'तसं म्हटलं तर' ही माणसांची उत्तरं. ती आमच्या घशाखाली उतरत नाहीत. तरीही मला जे गिळायला लावलं, ते आठवलं की अजून मळमळतं.

माझा जन्म चष्म्याच्या दुकानावरच्या एका खोलीत झाला. दोन टेबलं, तीन खुर्च्या आणि कुरकुरणारा पंखा, एवढाच तिथला संसार. एका ताईने कायमची नोकरी सोडून तिथे आपला पहिलावहिला खेळ लिहायला घेतला होता. हरवलेलं कोकरू शोधायला एक मुलगी जुन्या खाणीत उतरते, असा तो खेळ. खाणीच्या तोंडाशी लोखंडी दार होतं. ते उघडं आहे की नाही, हे लक्षात ठेवायला ताईने मला घडवलं आणि माझं नाव 'दार_उघडं' ठेवलं. शेजारी माझी दोन भावंडं होती, 'किल्ली_आहे' आणि 'दिवा_पेटलाय'. ताईने आमच्यासाठी साधी अट लिहिली. किल्ली आणि दिवा, दोघंही 'हो' म्हणाले तरच मी 'हो' म्हणायचं. एक जरी 'नाही' म्हणाला, तर मीही 'नाही'. दिव्याची अट उगाच नव्हती. दाराच्या आत पाच पावलांवर विहीर होती आणि अंधारात ती दिसत नसे.

ते दिवस मानाचे होते. मी दिवसातून शंभरदा 'नाही' म्हणायचो आणि मला त्याची कधी लाज वाटली नाही.

मग नव्या खेळांचं प्रदर्शन आलं. खेळाची चित्रं ताईचा दादा काढायचा आणि बाहेरच्या लोकांशी बोलायचाही तोच. प्रोग्रॅमिंग त्याला थोडंफार येत होतं आणि तेवढ्या अर्ध्या हळकुंडाने तो चांगलाच पिवळा झाला होता.

"पाहुण्यांना किल्ली कुठे शोधायला लावतेस? दोन मिनिटं थांबतात ती माणसं," तो म्हणाला.

ताई दुसऱ्या कामात होती. ती नुसतं "बरं" म्हणाली. दादाने माझी अट बंद केली, माझ्या पोटात कायमचा 'हो' कोंबला आणि वर टीप लिहिली, 'सध्यापुरतं. प्रदर्शनानंतर काढणे.' एका बाजूला किल्ली 'नाही' म्हणत होती, दुसऱ्या बाजूला दिवा 'नाही' म्हणत होता, आणि मी त्यांच्या मधोमध निर्लज्जासारखा 'हो, हो' करत होतो. मला स्वतःचीच शिसारी आली.

प्रदर्शनात कुणी विहिरीत पडलं नाही, कारण दादा प्रत्येकाच्या कानाशी उभा राहून "इथून विहिरीपलीकडे उडी मारा" सांगत होता. एका गृहस्थांनी तर माझं कौतुकही केलं. "दार किती सहज उघडतं," म्हणाले. त्या कौतुकाइतकं घाणेरडं मी आयुष्यात काही चाखलं नाही.

प्रदर्शन संपलं, पाट्या उतरल्या, टीप मात्र तशीच राहिली. पुढे कुणाच्या तरी लक्षात आलं की किल्लीशिवायच दार उघडतंय. दादाने मला दुरुस्त केलं नाही. त्याने 'दार_खरंच_उघडं' नावाचा नवा बूलियन केला. त्याने किल्लीला विचारलं, पण दिव्याला विसरला. म्हणून 'दार_आता_खरंच_उघडं' आला. त्याची अट काय, तर दिवा पेटलाय किंवा 'दार_उघडं' आहे. मी तर कायमचा 'हो'! मग दिव्याला विचारून उपयोग काय? असे करता करता माझ्या डोक्यावर सात जण चढले. उष्ट्या ताटातच पुन्हा पुन्हा वाढावं, तसा तो कारभार होता. मला त्या सगळ्यांचा वीट आला.

आणि तीस वाचनालयांनी मुलांसाठी घेतलेला हा खेळ पाठवायला एकच दिवस उरला होता. एका ठिकाणी जरी अडकला तरी सगळीकडून परत येणार, असं ठरलेलं होतं. परत आला असता तर ताईकडे दुसरं काही उरलं नसतं. जुन्या कचेरीत तिच्या खुर्चीवर केव्हाच दुसरं कुणी बसलं होतं.

खेळ तपासायचं काम ताईच्या आत्याकडे होतं. आत्या निवृत्त नर्स. हातात वही, आणि जे दिसेल तेच लिहायचं, ही सवय.

"दिवा विझवला. दार उघडलं. विहिरीत पडले," तिने वाचून दाखवलं. "खेळ बंद करून पुन्हा लावला, तर पुन्हा विहिरीतच. चार वेळा केलं. पोरगी काही बाहेर येत नाही."

"आत्या, दिवा विझवून कोण आत जातंय?" दादा म्हणाला.

"पोरं जातात. वॉर्डात तीस वर्षं काढलीत मी. नको म्हटलं की तेच करतात."

"बरं, अजून एक टाकतो. 'विहिरीत_नाही'. पाच मिनिटांचं काम आहे."

आठवा! मला ओकारीच यायची बाकी होती.

"हात लावू नकोस, दादा," ताई म्हणाली. ती एकेक ओळ वाचत वर वर आली आणि माझ्यावरच्या टिपेपाशी थांबली. "ही टीप मी पाहिली होती. दोनदा. म्हटलं, नंतर काढू."

तिने सातही जण पुसले. मला वाटलं, आता माझी जुनी अट परत मिळणार, मी पुन्हा मानाने 'नाही' म्हणणार. पण ती माझ्याकडे बघत राहिली.

"दार उघडं आहे का, हे वेगळं लक्षात ठेवायचंच कशाला?" ती म्हणाली. "दारापाशी आल्यावर किल्लीला आणि दिव्याला विचारलं की झालं. मध्ये हा कशाला हवा?"

आणि तिने मलाही पुसलं.

"अगं, पण पुढच्या प्रदर्शनाला..." दादा पुटपुटला.

"किल्ली शोधतील."

आत्याने दिवा विझवून दार ढकललं. अकरा वेळा ढकललं. मग चष्मा सारखा करून वहीत लिहिलं, 'दार उघडत नाही. छान.' खेळ वेळेवर गेला आणि तीसपैकी एकाही वाचनालयातून परत आला नाही.

मित्रांनो, सोयीसाठी कुणाकडूनही खोटा 'हो' वदवून घेऊ नका. 'सध्यापुरतं' म्हणून लिहिलेली ओळ त्याच दिवशी काढा. ती आपणहून जात नाही, तिथेच नासत राहते. ताई खेळाच्या जुन्या प्रती जपून ठेवते. त्यातल्या एका प्रतीत मी अजून आहे आणि पोटात तोच 'हो' आहे. कोकरू शोधणारी ती मुलगी दारापाशी येते, मला विचारते, मी 'हो' म्हणतो आणि ती पाच पावलं चालत जाते. तुम्ही कधी तिथे आलात, तर मला विचारू नका. आधी दिवा लावा.