पंचवीसचे अठ्ठावीस

आईच्या उजव्या कानातली बाळी मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत ॲसिडात विरघळवली. तिच्या संमतीनं. माझ्या पीएचडीला सोनं लागत होतं आणि ग्रँट तीन वर्षं नुसती येऊनच राहिली होती, पोचली नव्हती. तेव्हापासून आई एकच बाळी घालून यवतमाळभर फिरते. कोणी विचारलं तर सांगते, दुसरी शिकून राह्यली.

माझा विषय सोपा आहे. सोन्याचे मोजून पंचवीस अणू एका पुंजक्यात धरून ठेवायचे. ते आपले आपण राहत नाहीत. बाहेरून लिगँड नावाचे रेणू चिकटवावे लागतात, आणि आत कोण कसं बसेल हे बाहेरचेच ठरवतात. मारेगावच्या काळीपिवळी जीपमध्ये दाराशी लुकडे लटकले तर आतले एका पद्धतीनं बसतात. जाडे लटकले की आतली सगळी मांडणी बदलते. कधी कधी आतली माणसंही वाढतात. कशी, ते ड्रायव्हरलाच ठाऊक.

माझे लिगँड लुकडे होते. जाड्यांची बाटली शेल्फवर शेजारीच असायची, आधीच्या एका विद्यार्थिनीची. दोन्ही दिसायला पाण्यासारख्या, दोन्हींना वास मेलेल्या उंदरानं लसूण खाल्ल्यासारखा. विद्यापीठात माझ्या नावापुढे ‘पंचवीस अणूंचा पुंजका’ असं शीर्षक नोंदलेलं, मुदत एकतीस डिसेंबर. बाळीतलं सोनं एका प्रयोगापुरतंच उरलं होतं.

खंडेनवमीला आमचे लॅब अटेंडंट देवरावकाका उपकरणांची पूजा करतात. तराजूला हळदकुंकू, पंख्याला झेंडू. त्या दिवशी मी घरी होतो. दसरा झाल्यावर आलो तर माझी अर्धी बाटली काठोकाठ भरलेली. मला वाटलं, ग्रँट आली. त्या आनंदात मी तयार पुंजक्यांवर नेहमीपेक्षा जास्तच ओतलं आणि ऐंशी अंशांवर तापत ठेवलं.

महिन्याभरात स्फटिक धरले. मोहरीच्या दाण्याहून बारीक, पण देखणे. डब्याच्या पिशवीत घालून एसटीनं नागपूरला नेऊन दिले. तिथे क्ष-किरणांनी अणू मोजतात. निकाल आला: अठ्ठावीस. बाहेर सगळे जाडे.

देवरावकाकांनी काहीच लपवलं नाही. “अर्धवट भांडं पूजेत ठेवत नाही ना जी. दोन्हीचा वास एकच, मंग एकात एक करून टाकली.”

प्रभावती मॅडम माझ्या मार्गदर्शक. त्यांनी निकाल तीनदा वाचला, चष्मा पुसून चौथ्यांदा वाचला. म्हणाल्या, रचना सुंदर आहे, पण शीर्षकात बसत नाही. मग हळूच विचारलं, “नयन, तीन काढता येतील का रे?”

मी सांगितलं, जाडे बसलेत तोवर आतले अठ्ठावीसच. शीर्षक बदलणारी समिती फेब्रुवारीत बसते, माझी नोंदणी डिसेंबरात संपते. मुदतवाढीच्या अर्जात कारणाला एकच ओळ होती. मी ‘खंडेनवमी’ लिहिलं. अर्ज ‘सदर दिवशी सुट्टी नव्हती’ अशा शेऱ्यानिशी परत आला.

घरी सांगितलं तर आईला आनंदच झाला. तीन वाढले म्हणजे चांगलंच की. मी समजावलं की सोनं वाढलं नाही, दुसरे पुंजके मोडले आणि त्यातले तीन इकडे आले. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग उजव्या कानाला हात लावला.

“मंग माह्या बाळीचं काय झालं म्हनावं?”



एकतीस डिसेंबरला मी टेबल आवरायला गेलो. देवरावकाका दाराशीच उभे होते. महिनाभर त्यांना जेवण गेलं नव्हतं म्हणे. त्यांनी माझा हात धरून शेल्फपाशी नेलं. तिथे दोन बाटल्या होत्या, दोन्ही अर्ध्या, दोन्हींवर जुनी लेबलं नीट चिकटवलेली. भरलेल्या बाटलीतलं उरलेलं त्यांनी समसमान वाटून टाकलं होतं.

“घ्या नयनभाऊ,” ते म्हणाले. “होतं तसं करून देलं.”

मी त्यांचे आभार मानले.