चहाच्या वेळचं भूत

सून वायरिंगची कामं करायची, नणंद नर्स होती, आणि सुट्टीच्या दिवशी दोघी मिळून भुतं शोधायच्या. यावर घरातले पुरुष पोट धरून हसायचे. हसू देत बिचारे. दोघींचे नियम मात्र पक्के होते. घरच्यांच्या परवानगीशिवाय आत पाऊल टाकायचं नाही, एकटीने कुठे जायचं नाही, आणि जुन्या इमारतीत आधी मेन स्विच बंद करायचा. भुताने कुणाचा जीव घेतल्याचं सुनेच्या ऐकिवात नव्हतं. उघड्या वायरीने घेतलेला तिने डोळ्यांनी पाहिला होता. शिवाय आत जे कुणी असेल त्याला डिवचायचं नाही आणि सापडेल ते घरच्यांना खरं सांगायचं. आजवर त्यांना घुशी, सैल खिडक्या आणि घोरणारे एक आजोबा सापडले होते, पण उत्साह तसूभरही कमी झाला नव्हता.

या वेळी बोलावणं आलं ते खुद्द सासूबाईंचं.

सासरे रेडिओ दुरुस्त करायचे. खाली दुकान, वर घर. ते गेल्यापासून दुकानाचं शटर खालीच होतं आणि सासूबाई वर एकट्या राहत होत्या. जिना असा उभा, की मध्यंतरी त्या पाय घसरून पडल्या. मनगटाचं प्लास्टर नुकतंच निघालं होतं. मुलगा-सून 'आमच्याकडे राहायला चला' म्हणून मागे लागले होते. बाई हलायला तयार नव्हत्या.

"हे खाली आहेत," सासूबाईंनी सरळ सांगून टाकलं. "दुपारी मी चहा ठेवला की गुणगुणतात. बघायला खाली गेले की गप्प. खरंच असतील तर मी त्यांना एकटं टाकून येणार नाही. नसतील तर तसं सांगा, मी बॅग भरते. पण मला बनवू नका हं."

सुनेचा या बाईवर जीव होता. लग्नात नातेवाइकांनी 'शिडीवर चढते म्हणे' म्हणून नाकं मुरडली, तेव्हा "तुमच्याकडचा पंखा बंद पडला की याल तिच्याकडेच" असं सुनावणारी हीच. ती पुन्हा त्या जिन्यावरून पडली तर, या विचाराने सुनेला झोप लागत नसे.

भर दुपारी दोघी दुकानात शिरल्या. जिन्याखालचा मेन स्विच सुनेने शिरस्त्याप्रमाणे खाली ओढला. शटर बंद, आत मिट्ट काळोख, सोल्डरिंगच्या रोझिनचा जुना वास. नणंद रिकाम्या खुर्चीकडे वळून हळूच म्हणाली, "बाबा, आम्ही आहोत. त्रास द्यायला नाही आलो. वाटलं तर बोला, नाहीतर राहू दे."

बराच वेळ झाला. बाबा काही बोलले नाहीत. धुळीने नणंदेला शिंका तेवढ्या आल्या.

"लाइट कुणी घालवली गं?" वरून आवाज आला. "चहा करायचाय मला!"

"आई, आम्ही भूत शोधतोय!"

"चहा पिऊन शोधा. इथून कुणी तसंच जात नाही."

हे मात्र खरं होतं. चहा आणि सासूबाई यांची एक गोष्ट साऱ्या नात्यात पाठ होती. सासऱ्यांना आयुष्यात कधी चहासाठी हाक मारावी लागली नव्हती. खाली दहा रेडिओ बोंबलत असोत, चहा झाला की गडी आपोआप वर हजर. "नाकच तसं आहे त्यांचं," असं त्या कौतुकाने सांगायच्या.

सुनेने पुटपुटत मेन स्विच वर केला. वर विजेच्या किटलीचं बटण खट्कन वाजलं, आणि अंधारात कुणीतरी गुणगुणू लागलं.

नणंदेने सुनेचा हात घट्ट धरला. "बाबा?"

सुनेच्याही अंगावर काटा आला. क्षणभर तिने मानलं की म्हातारा इथंच आहे. मग कान टवकारले. गुणगुणणारा माणूस मध्ये श्वास घेतो. हा घेत नव्हता. टॉर्च घेऊन ती टेबलाखाली वाकली. तिथे एक छोटा बझर होता, भोवती फडकं गुंडाळलेलं, पण उंदरांनी त्याच्या चिंध्या केलेल्या, म्हणून आवाज आता वरपर्यंत जात होता. बझरची वायर छतातून थेट वर, स्वयंपाकघराकडे गेली होती.

तेवढ्यात आवाज थांबला आणि जिन्यावर पावलं वाजली. खोली सोडताना बटण बंद करायचं, ही या घराला सासऱ्यांनीच लावलेली शिस्त. म्हणूनच सासूबाई खाली पोचेपर्यंत भूत नेहमी गप्प व्हायचं.

"वहिनी, नको सांगूस," नणंद कुजबुजली. "राहू देत तिला बाबा."

सांगावं तर बाईचा नवरा जाणार आणि ते नाकही. न सांगावं तर बाई त्या जिन्याशी एकटी. पण 'मला बनवू नका' हे तिनेच म्हटलं होतं. सुनेने टॉर्च टेबलाखाली धरला आणि सगळं सांगितलं.

सासूबाई नवऱ्याच्या खुर्चीत बसल्या. "म्हणजे नाक-बिक काही नव्हतंच? चोर मेला!" त्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग लेकीला म्हणाल्या, "वर जा. बटण लाव बघू."

बझर पुन्हा गुणगुणू लागला. त्या मान कलती करून ऐकत राहिल्या.

"हे ऐकून ते उठायचे?"

"हो, आई."

"म्हणजे इतके महिने ते मला बोलवत नव्हते. मीच त्यांना बोलवत होते."

सुनेने त्यांचा दुखरा हात आपल्या हातात घेतला.

"बंद कर म्हणावं तिला," सासूबाई म्हणाल्या. "किती बोलवायचं माणसाला. येण्यासारखे असते तर केव्हाच आले असते." मग मात्र त्या रडल्या, पोटभर.

सासूबाईंची बॅग भरून निघताना नणंदेने खुर्चीचे आभार मानले, कारण तोही नियमच. सासूबाईंनी बझरकडे बोट दाखवलं. "तो काढून घे गं. टाकू नकोस."

सुनेने तो आपल्या घरी, मागच्या खोलीत, कामाच्या टेबलाखाली बसवला आणि वायर किटलीच्या बटणापर्यंत नेली. फडकं गुंडाळलं नाही.

एके दुपारी तो गुणगुणला. सुनेने पक्कड खाली ठेवली, हात पुसले आणि स्वयंपाकघरात आली. सासूबाई शेजारणीला सांगत होत्या, "बघा, हिलाही हाक मारावी लागत नाही. चहा ठेवला की बरोबर येते."